नऊ व्होल्टचा बाब्या

ओव्हरड्राइव्ह पेडलचं, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या डबीचं, किट घरी जोडलेल्या गिटारवाल्याला ‘कसं वाजतंय?’ विचारून फारसं काही हाती लागत नाही. उत्तर ठरलेलं असतं. ‘भारी. कंपनीच्या पेडलपेक्षा भारी.’ नाहीतर मग नाक मुरडून, ‘ठीक आहे रे, पण ती मजा नाही.’ पहिलं उत्तर देणाऱ्याने पेडल स्वतः जोडलेलं असतं आणि दुसऱ्याने मित्राकडून दोन दिवसांसाठी आणलेलं असतं. किट तेच, सर्किट तेच, सुटे भागही तेच. त्याऐवजी ‘जोडताना कुठे अडलास?’ असं विचारून बघा. माणूस एकदम खुलतो. कुठल्या भोकात जॅक बसेना, सूचनांच्या कुठल्या पानावर चित्र उलटं छापलं होतं, फूटस्विचच्या नऊ पायांनी कसा घाम काढला, हे सगळं इतकं नेमकं सांगतो की आपण ते किट घ्यावं की नाही, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

माझं हल्ली हेच मत झालंय. किटच्या बाबतीत गिटारवाल्यांच्या हातांनी दिलेली साक्ष घ्यावी आणि कानांची साक्ष जरा तपासून घ्यावी. कान खोटं बोलतात असं नाही. पण त्या साक्षीत ॲम्प, खोली, गिटारची पिकअप (तारांचं कंपन पकडणारी), आवाजाची पातळी आणि स्वतःच्या कष्टांचा अभिमान असे इतके जण बोलत असतात, की त्यातलं पेडल नेमकं किती बोललं हे कळत नाही.

हा आवाज मुळात आला कुठून, हे थोडक्यात सांगायला हवं. तोही हातांच्याच उद्योगांतून आला. व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर, चालणारा ॲम्प त्याच्या कुवतीपेक्षा जास्त दामटला की सिग्नलची शिखरं कापली जातात आणि स्वराला एक खरखरीत, भरलेला पोत येतो. हा पोत हवाहवासा वाटायला लागल्यावर लोकांनी काय काय केलं! गिटारवादक लिंक रेने 1958 च्या सुमारास ॲम्पच्या स्पीकरला भोकं पाडली. डेव्ह डेव्हिसने 1964 मध्ये स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. त्याआधी 1961 मध्ये गाजलेल्या एका कंट्री गाण्यात ग्रेडी मार्टिनच्या बेसचा आवाज मिक्सिंग कन्सोलमधल्या बिघाडामुळे फाटला होता. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी तो बिघाड दुरुस्त करून मोकळा झाला नाही, त्याच्या मागेच लागला. त्यातून 1962 मध्ये माएस्ट्रोचा फझ-टोन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं पेडल, बाजारात आला. ओव्हरड्राइव्ह हे फझचं सौम्य भावंड. बॉसचा ओडी-1 1977 चा, आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर टीएस808 1979 च्या सुमाराचा, टीएस9 1982 चा. आज घरी जोडायची जी ओव्हरड्राइव्ह किट मिळतात, त्यांतली कितीतरी या ट्यूब स्क्रीमरचीच नातवंडं-पतवंडं आहेत. बाहेरून नाव काहीही असो, झाकण उघडलं की तेच नाक-डोळे.

किटच्या पाकिटातला ऐवज एकदा टेबलावर पसरून बघावा. तळहाताएवढा पीसीबी, म्हणजे सुटे भाग बसवायची पाटी. निळ्या पोटाचे, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर. चौकोनी फिल्म कपॅसिटर आणि डबीसारखे उभे इलेक्ट्रोलिटिक. तीन पॉट, म्हणजे ड्राइव्ह (किती फाटायचं), टोन आणि लेव्हल (किती मोठं) यांच्या नॉबखालचे फिरते रेझिस्टर, दोन जॅक, पॉवरचा सॉकेट, एक एलईडी, ॲल्युमिनियमची डबी आणि पायाने दाबायचा जाडजूड स्विच. आठ पायांची एक आयसी, म्हणजे सिग्नल फुगवणारी चिप. आणि तांदळाएवढे दोन डायोड, नारिंगी काचेचे, एका टोकाला काळी पट्टी असलेले. सगळा ‘ड्राइव्ह’ म्हणजे हे दोघं. ते आयसीच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर आलेला सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेत, एकमेकांच्या उलट तोंडाने बसतात. सिग्नल साधारण 0.6 व्होल्टच्या वर चढायला लागला की वाहायला लागतात आणि वाढलेला भाग दाबून टाकतात. मूळ स्वच्छ सिग्नल मात्र तसाच आरपार जातो आणि दाबलेल्या सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणून तारेवर प्लेक्ट्रम हळू टेकवला की आवाज निवळतो आणि जोरात मारला की फाटतो. ट्यूब स्क्रीमर ‘बोटांचं ऐकतो’ असं गिटारवाले म्हणतात, त्यामागची गंमत ही एवढीच.

पण मतांची खरी भांडणं डायोडवरून होतच नाहीत. ती होतात त्यांच्या शेजारच्या एका जोडीवरून, आणि भांडणाऱ्यांना बहुधा त्या जोडीची नावंही ठाऊक नसतात. 4.7 किलोओहमचा एक रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. आयसी कुठल्या स्वराला किती फुगवणार, हे या दोघांनी ठरवलेलं असतं. त्यांचा गुणाकार करून हिशेब मांडला की 720 हर्ट्झ हा आकडा येतो. पहिल्या तारेवर तेराव्या आणि चौदाव्या पडद्याच्या मधोमध तो कुठेतरी पडतो. याच्या खाली उतरत जावं तशी पेडलची फुगवण्याची ताकद कमी होते. ड्राइव्हचा नॉब पूर्ण पिळला तर कागदावर कमाल वाढ 118 पट भरते, पण सर्वांत जाड तारेच्या 82 हर्ट्झच्या मूळ स्वराच्या वाट्याला त्यातली जेमतेम 13-14 पट येते. म्हणजे खर्ज फाटत नाही, मागे राहतो. पुढे टोनचा भाग वरचा तीक्ष्णपणा छाटतो. मधला पट्टा तेवढा पुढे येतो. ‘मिड हंप’ म्हणून ज्याची वाहवा होते आणि ज्याच्या नावाने बोटंही मोडली जातात, तो हाच.

आता हे पेडल चार जणांच्या हाती द्या.

ब्लूज वाजवणारा स्वतःचा ॲम्प आधीच फाटायच्या बेतात आणून ठेवतो, पेडलचा ड्राइव्ह जेमतेम उघडतो आणि लेव्हल वर नेतो. ड्रम आणि बेसच्या गर्दीतून त्याचा सोलो सुरीसारखा बाहेर येतो. तो म्हणतो, यासारखं पेडल नाही.

मेटलवाला ड्राइव्ह शून्यावर ठेवतो. हो, शून्यावर. लेव्हल मात्र पूर्ण. त्याला पेडलचं डिस्टॉर्शन नकोच असतं, ते त्याच्या ॲम्पमध्ये ढिगाने आहे. त्याला हवा असतो खर्जाला लागलेला लगाम, म्हणजे तळहाताने दाबून वाजवलेली रिफ गढूळ न होता ठोक्यात पडते. ओव्हरड्राइव्हचं किट जोडून त्याचा ड्राइव्ह कधीच न उघडणारा हा प्राणी पहिल्यांदा भेटला की हसू येतं. पण त्याचा आवाज ऐकला की हसू मावळतं.

तिसरा रात्री घरचे झोपल्यावर छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर अगदी हळू वाजवणारा. तो म्हणतो, ‘काय हे, डबड्यातून आल्यासारखं वाजतंय.’ बरोबरच आहे. त्याचा ॲम्प स्वच्छ, आवाज बारीक. मागे व्हॉल्व्ह दमवायला नाहीत आणि आजूबाजूला बँडची गर्दीही नाही. मधला पट्टा पुढे काढण्याचा सगळा खटाटोप एकट्या खोलीत नुसता नाकात बोलल्यासारखा वाटतो.

चौथा बेसवाला. त्याच्याकडे नंतर येऊ.

हे चौघंही खोटं बोलत नाहीत आणि चौघंही किटबद्दल बोलत नाहीत. ते त्या 720 हर्ट्झबद्दल बोलताहेत, आणि ते कंपनीच्या पेडलमध्येही तेवढेच असतात. तरी ‘किट तितकंसं जमलेलं नाही’ असा शेरा किटच्या माथी बसतो. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनसारखं वाजावं म्हणून ट्यूब स्क्रीमर घेतलेल्यांची तर मला दयाच येते. त्या माणसाच्या जाड तारा, ती मनगटं, छप्पर उडवणाऱ्या आवाजात लावलेले ते मोठे ॲम्प, यातलं काहीच पाकिटात येत नाही. नाचता येईना आणि अंगण वाकडं, ही म्हण पेडलवाल्यांनी घरात फ्रेम करून लावावी.

आयसीचं प्रकरण तर श्रद्धेच्या वाटेने गेलेलं आहे. टीएस808 मध्ये जेआरसी4558डी ही आयसी होती. त्यामुळे जुन्या साठ्यातली, पाठीवर तीच अक्षरं असलेली आयसी शोधत फिरणारा एक पंथच तयार झाला. ही आयसी मुळात साधी, रोजच्या वापरातली, असंख्य घरगुती ऑडिओ यंत्रांतून बसलेली. किटमध्ये तिच्यासाठी आठ पायांचा सॉकेट येतो, तेव्हा ती काढून दुसरी बसवणं मिनिटभराचं काम असतं. म्हणून प्रत्येक जण बसवून बघतो, आणि प्रत्येकाला फरक ऐकू येतो. एकाला तिच्या जागी बसवलेला टीएल072 ‘उघडा’ वाटतो, तर दुसऱ्याला ‘काचेसारखा’.

या पंथाला मी एकच आकडा दाखवते. ड्राइव्हचा पॉट 500 किलोओहमचा असतो, पण अशा पॉटमध्ये 20 टक्के इकडेतिकडे सर्रास चालतं. म्हणजे तो 400 चा असू शकतो किंवा 600 चा. पहिल्या पॉटवर पेडलची कमाल वाढ 97 पट येते, दुसऱ्यावर जवळजवळ 140 पट. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन पेडलमध्येही एवढं अंतर पडू शकतं. आयसीच्या पाठीवरची अक्षरं वाचण्याआधी मल्टिमीटर पॉटला लावला, तर अर्धे वाद सुरू व्हायच्या आतच मिटतील. आयसीने फरक पडतच नाही, असा माझा दावा नाही. क्रम चुकतोय, एवढंच म्हणणं आहे.

तर, हात.

किट जोडणाऱ्यांच्या मतांमधला सगळ्यात खरा भाग रेझिस्टर ओळखण्यापासून सुरू होतो. चार पट्ट्यांचा रेझिस्टर वाचणं सोपं असतं. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे 4.7 किलोओहम. पण किटमध्ये बहुधा एक टक्क्याचे, पाच पट्ट्यांचे येतात, तेही निळ्या अंगावर. त्यावर लाल, तपकिरी आणि नारिंगी यांतला फरक ट्यूबलाइटखाली दिसेल तर शपथ. पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी, तपकिरी म्हणजे 4.7 किलोओहम. चौथी पट्टी लाल असेल तर तोच 47 किलोओहम. एका पट्टीच्या रंगावर वाढ दहापट घसरते. म्हणून अनुभवी मंडळी रंग वाचतच नाहीत. प्रत्येक रेझिस्टर मीटरला लावतात आणि कागदावर चिकटपट्टीने डकवून खाली आकडा लिहितात. ज्या किटवाल्याने हे काम आधीच करून पट्टीवर आकडे छापून पाठवलेत, त्याच्याबद्दल गिटारवाले जे कौतुकाने बोलतात त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा. त्या कौतुकात कानाचा काही संबंध नसतो.

मग सोल्डरिंग. सोल्डरिंग आयर्नचं टोक साधारण साडेतीनशे अंशांवर तापलेलं असतं. कथिल आणि शिसं 63-37 प्रमाणात असलेलं सोल्डर 183 अंशांनाच वितळतं, त्यामुळे घाई करायचं कारण नसतं. तरी नवशिका घाई करतोच. टोकावर सोल्डरचा थेंब घेतो आणि भागाच्या पायावर नेऊन ठेवतो. थेंब गोळीसारखा वर बसून राहतो, खालच्या तांब्याशी त्याची ओळखच होत नाही. बरोबर पद्धत अशी. टोक पॅडला आणि पायाला एकाच वेळी टेकवायचं, दोन-तीन सेकंद दोघांनाही तापू द्यायचं आणि मग सोल्डरची तार टोकाला न लावता समोरून पायाला लावायची. फ्लक्सचा धूर निघतो, आणि एका क्षणी सोल्डर पातळ होऊन पायाभोवती स्वतःच ओढलं जातं. कडा पॅडवर निमुळत्या होत पसरतात. तार काढायची, मग टोक काढायचं आणि ते थंड होईपर्यंत काही हलवायचं नाही. थंड होताना पाय हलला तर सांधा दाणेदार आणि मळकट दिसतो, त्याला कोल्ड जॉइंट म्हणतात. असा सांधा टेबलावर व्यवस्थित चालतो. दगा देतो तो पेडलवर पाय पडल्यावर, ऐन वाजवण्याच्या मध्यात. (शिसं नसलेलं सोल्डर नीट बसलं तरी थोडं मंदच दिसतं. तिथे चकाकीवर न जाता कडा पसरल्यात का, तेवढं बघावं.)

फूटस्विचबद्दल तक्रार केली नाही असा किटवाला मला भेटलेला नाही. नऊ पाय, तीनच्या तीन ओळी. दोन ओळी सिग्नलची ये-जा बदलायला, तिसरी एलईडी लावायला-विझवायला. पाय जाड, उष्णता पिऊन टाकणारे. त्यांच्या मुळाशी मात्र प्लॅस्टिक असतं. जास्त वेळ तापवलं तर आतली पातं जागेवरून सरकतात आणि स्विच कायमचा लहरी होतो. हल्लीच्या काही किटमध्ये या नऊ पायांसाठी वेगळा छोटा पीसीबी देतात. त्याने जंजाळ निम्मं होतं. ‘हे किट सोपं आहे’ असं कोणी म्हटलं तर मी पहिला प्रश्न या छोट्या पीसीबीचाच विचारते.

एका मित्राने जोडलेलं पेडल पहिल्यांदा लावलं तेव्हा दिवा लागला, पण आवाज शून्य. बायपासमध्ये गिटार वाजत होती, पेडल चालू केलं की मुकं. तो वैतागून म्हणाला, ‘आयसी गेली बहुतेक. फेकून देतो.’ म्हटलं, थांब जरा. मीटर लावला. आयसीच्या आठव्या पायावर 9 व्होल्ट, चौथ्यावर शून्य, पहिल्या आणि सातव्यावर साडेचार. म्हणजे आयसी ठणठणीत. मग आम्ही ऑडिओ प्रोब केला. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी असते. ॲम्पला जाणाऱ्या केबलची ग्राउंड पेडलच्या डबीला जोडायची आणि सिग्नलच्या वायरच्या टोकाला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. एकाने तारा छेडत राहायचं आणि दुसऱ्याने कपॅसिटरचा मोकळा पाय सर्किटवर एकेका ठिकाणी टेकवत पुढे जायचं.

जॅकवर टेकवला, तर नुसती गिटार. पहिल्या ट्रान्झिस्टरनंतरही तीच. आयसीच्या पहिल्या पायावर टेकवला आणि ॲम्पमधून ते आलं. कच्चं, वरच्या बाजूने किरकिरणारं, अजून टोनची कात्री न लागलेलं ओव्हरड्राइव्ह. पुढच्या एक किलोओहमच्या रेझिस्टरपलीकडे पाय नेला तर तेच, पण वरची किरकिर उतरलेली. सातव्या पायावर टोनचा नॉब फिरवला की आवाज उजळायचा आणि काळवंडायचा. लेव्हलच्या पॉटच्या मधल्या पायावर आवाज होता, तिथून पुढे जाणाऱ्या वायरवर नव्हता. त्या मधल्या पायावर वायर नुसती टेकून बसली होती, सोल्डर लागलंच नव्हतं. दुरुस्तीला जेमतेम मिनिट लागलं असेल. पण मित्र पुढचा बराच वेळ वाजवायचं सोडून तो कपॅसिटर हातात घेऊन एकेका सांध्यावर टेकवत बसला होता. ‘म्हणजे डायोडनंतर इथे हा आवाज असतो, आणि लोकांपर्यंत पोचेस्तोवर त्याचं हे होतं?’ असं स्वतःशीच चाललं होतं. तेव्हापासून तो ‘वॉर्म’, ‘क्रीमी’ असले शब्द फार जपून वापरतो. ज्यांचं पेडल पहिल्या फटक्यात चालतं, त्यांच्या नशिबी हे येत नाही. मला त्यांचं जरा वाईटच वाटतं.

याच्या अगदी उलट टोकाला क्लॉन सेंटॉरची कथा. बिल फिनेगन याने 1994 मध्ये हे पेडल बाजारात आणलं. एकूण आठ हजारांच्या आसपास बनवली, आणि आतल्या सर्किटवर काळा इपॉक्सी ओतून टाकला. नक्कल कोणी करू नये म्हणून. व्हायचं तेच झालं. झाकलेल्या वस्तूबद्दल लोकांची कल्पनाशक्ती मोकाट सुटली. ‘आतले जर्मेनियम डायोड जादूचे आहेत’ अशा कहाण्या पसरल्या, आणि वापरलेल्या पेडलचे भाव आभाळाला भिडले. शेवटी लोकांनी इपॉक्सी खरवडून सर्किट उलगडलंच. आत होतं काय, तर सहज मिळणाऱ्या टीएल072 आयसी, व्होल्टेज वाढवणारी एक आयसी आणि स्वच्छ सिग्नल फाटलेल्या सिग्नलबरोबर चालवण्याची खरोखर हुशार मांडणी. आता त्याचीही किट मिळतात. पुढे फिनेगनने त्याच पेडलची छोटी आवृत्ती काढली, तेव्हा या अतोनात गाजावाजाला आपण जबाबदार नाही, अशा अर्थाचं वाक्यच त्याने डबीवर छापलं. मला हा माणूस आवडतो. पण तो इपॉक्सी मात्र नाही आवडत. ज्या वस्तूचं झाकण उघडता येतं तिच्याबद्दल माणसं थोडं कमी खोटं बोलतात.

थोडंच कमी. कारण आपला तो बाब्या. 2012 मध्ये नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली या संशोधकांनी ‘आयकिया इफेक्ट’ नावाने हेच मांडलं. स्वतः घडवलेल्या ओबडधोबड ओरिगामीला लोकांनी जवळजवळ तज्ज्ञाच्या ओरिगामीइतकी किंमत लावली. त्यातलं मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. काम पूर्ण झालं नाही तर हे प्रेम उरत नाही. किटवाल्यांच्या मतांचे दोन ढीग का पडतात, ते इथे कळतं. ज्यांचं पेडल वाजलं त्यांच्या लेखी ते जगात भारी. ज्यांचं अर्धवट खोक्यात पडलंय त्यांच्या लेखी किट बंडल, सूचना भिकार आणि हा सगळा छंदच रिकामटेकड्यांचा. मधला ढीग जवळजवळ नसतोच.

कानाची साक्ष घ्यायचीच असेल, तर निदान दोन्ही पेडलच्या लेव्हल आधी जुळवाव्यात. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. भरलेला, जिवंत वगैरे. स्वतःचं किट वाजवताना लेव्हलचा नॉब नकळत थोडा पुढेच असतो, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलंय आणि माझ्याही. लेव्हल जुळवून, पाठ फिरवून, दुसऱ्याला स्विच दाबायला सांगून ऐकलं की खोलीत भलतीच शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतं, ‘पुन्हा दाब बघू.’

एका गोष्टीत मात्र कानवाले बरोबर असतात आणि कारण भलतंच सांगतात. ‘किट लावल्यापासून बंद असतानाही माझा आवाज दबल्यासारखा वाटतो.’ हे खरं असू शकतं. मूळ ट्यूब स्क्रीमर बंद असला तरी सिग्नल त्याच्या बफरमधून, म्हणजे सिग्नलला बळ देणाऱ्या भागातून, जातो. किटमध्ये बहुधा तो नऊ पायांचा स्विच असतो. पेडल बंद केलं की गिटार सरळ पुढच्या केबलला जोडली जाते. याला ट्रू बायपास म्हणतात आणि जाहिरातीत हा गुण म्हणून छापतात. पण केबलच्या दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धरले, तर दहा-बारा मीटरच्या केबलवर पिकअपचा वरचा चमकदारपणा वितळायला लागतो. मूळ पेडलचा बफर तो सांभाळत होता. किटने काही बिघडवलेलं नसतं, फक्त एक पहारेकरी काढून घेतलेला असतो. तसंच स्विच दाबल्यावर येणारा ‘टप्प’ आवाज. सुरुवातीच्या कपॅसिटरवर साठलेला चार्ज एकदम रिकामा झाला की तो येतो. इनपुटपासून ग्राउंडला एक मेगाओहमचा रेझिस्टर असला की बहुतेक वेळा जातो. चांगल्या किटमध्ये तो आधीच असतो. तुमच्यात आहे का, बघा.

पैसे वाचतात का, हाही प्रश्न नेहमीचा. नाही वाचत. सोल्डरिंग आयर्न, मीटर, कटर, सोल्डर शोषणारा पंप, जळलेल्या भागांच्या जागी नवीन, हे सगळं धरलं तर पहिल्या पेडलवर तर नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्या पेडलवर वाचतील म्हणावं, तर तोवर माणूस किट सोडून थेट पीसीबी मागवायला लागलेला असतो, आणि त्या वाटेवर हिशेब कोणी ठेवत नाही.

आता बेसवाला.

आमच्या मंडळींतला बेसवाला हे पेडल लावून म्हणाला होता, ‘माझा अर्धा आवाज गेला कुठे?’ बाकीचे हसले, पण चौघांत त्याचंच मत सगळ्यात नेमकं होतं. त्याच्या सगळ्यात खालच्या तारेचा स्वर 41 हर्ट्झचा, गिटारपेक्षाही एक सप्तक खाली. तिथे ड्राइव्हच्या नावाने जवळजवळ काहीच पोचत नाही. कंपनीचं पेडल असतं तर त्याने ते विकून टाकलं असतं. हे किट असल्यामुळे झाकणाचे चार स्क्रू काढले, 0.047 चा कपॅसिटर उपसला आणि त्या जागी 0.22 चा बसवला. 720 चा आकडा 154 वर आला. बेसवाला खूश. त्याचा खर्ज पहिल्यांदाच गुरगुरला.

दुसऱ्या दिवशी तेच पेडल ब्लूजवाल्याने लावलं आणि दोन स्वर वाजवून मागे वळून विचारलं, ‘कोणी काय केलंय याला? नुसता चिखल झालाय.’ तोही बरोबर होता. आता दोघांनी तह केलाय. दोन्ही कपॅसिटर आत ठेवायचे आणि मध्ये एक छोटा टॉगल स्विच. वायरिंग ठरलंय, स्विच आलाय, ड्रिलही टेबलावर आहे. भोक ड्राइव्हच्या नॉबशेजारी पाडायचं की डबीच्या बाजूला, यावर अजून एकमत व्हायचंय. बाजूला पाडलं तर पॉवरच्या सॉकेटला अडतं, आणि वर पाडलं तर ब्लूजवाल्याचा बूट स्विच दाबताना टॉगलही पाडेल, असं बेसवाल्याचं म्हणणं आहे.